बॅटरीच्या डोक्यावर इन्व्हर्टर नको: एका जुन्या नियमाची गोष्ट

आजची गोष्ट आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीची, आणि सोलरच्या त्या जड बॅटरीची.

चंद्रपूरजवळ दुर्गापूरला 2,920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. पण गडचिरोलीच्या टोकाला, भामरागडकडे वीज पोचायला कितीतरी वर्षं लागली. जंगलातून लाइन न्यायची तर 1980च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगी लागते. त्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद. म्हणून इथल्या गावा-टोल्यांवर सोलर आलं. पॅनल छतावर, बॅटरी घरात.

आता जरा मागे जाऊ. 1800 साली लंडनमध्ये निकोल्सन आणि कार्लाइल यांनी पाण्यातून वीज सोडली, तर पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन झाले. 1859 मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी शिसं आणि गंधकाम्लाची, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. आपली ट्यूब्युलर बॅटरी तिचीच पणती. चार्जिंग पूर्ण होत आलं की तिच्यातलं पाणीही तसंच फुटतं. डिस्टिल्ड वॉटर आपण उगाच टाकतो का? कमी झालेलं पाणी वायू होऊन खोलीत गेलेलं असतं.

हवेत हायड्रोजन 4 टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका, सरळ वर जातो. आणि वर काय असतं? आपण ठेवलेला इन्व्हर्टर! त्यातला रिले, बाजूचा स्विच, चालू-बंद होताना बारीक ठिणगी पाडतातच. शिवाय ॲसिडची वाफ तांब्याच्या तारा आणि सर्किट बोर्ड हळूहळू खाते.

मोठ्या वीज केंद्रांत हे कधीच ओळखलं गेलं. तिथे बॅटऱ्यांची खोली वेगळी, एक्झॉस्ट फॅनसकट. टोल्यावरच्या घरात मात्र सगळं एकाच बंद पेटीत कोंबलं जातं. आणि भर पावसात ते बिघडलं, तर मेकॅनिक येणार कुठून?

म्हणून इन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर बॅटरीच्या वर नको, बाजूला थोडं लांब लावा. खोलीला छताजवळ झरोका ठेवा. फ्यूज बॅटरीच्या वायरवरच हवा, पण झाकणांच्या वर नको. स्विच आणि एमसीबी डीसीचेच घ्या. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. नट आवळताना अंगठी, कडं काढा. लिथियम बॅटरी रोज असा वायू सोडत नाही, पण तिलाही शॉर्ट आणि उष्णता चालत नाही.

आणि हो, खंडेनवमीला बॅटरीची पूजा जरूर करा. हळद-कुंकू वाहा, पण दिवा आणि उदबत्ती मात्र लांब ठेवा.

भेटू पुढच्या भागात!