अफू : रासायनिक संघटन व औषधी उपयोगांचा इतिहास

खसखशीच्या (पॅपॅव्हर सॉम्निफेरम) कच्च्या बोंडांना चिरा पाडल्यावर पाझरणारा दुधी चीक हवेत घट्ट व तपकिरी होतो, तीच अफू (सं. अहिफेन). वेदना, निद्रानाश, अतिसार व खोकला यांवर ती फार पूर्वीपासून वापरात आहे. चरक व सुश्रुत यांच्या संहितांत तिचा निर्देश नाही. शार्ङ्गधरसंहिता व भावप्रकाश या नंतरच्या ग्रंथांत ती आढळते. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात टॉमस सिडनॅम यांनी तिचा मद्यातील अर्क (लॉडेनम) रूढ केला. तथापि चिकातील क्रियाशील द्रव्यांचे प्रमाण सारखे नसल्याने एकच मात्रा कधी निरुपयोगी, तर कधी घातक ठरे.

ही अडचण रसायनशास्त्राने दूर केली. जर्मन औषधनिर्माते फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर यांनी १८०५ च्या सुमारास अफूतून मॉर्फीन वेगळे केले. पुढे कोडीन (१८३२), थेबाइन (१८३५) व पापाव्हरीन (१८४८) ही अल्कलॉइडे मिळाली. अफूत मॉर्फीन सु. १० टक्के असते. त्याखालोखाल नॉस्कॅपीन आढळते. यांशिवाय मेकॉनिक अम्ल, शर्करा, राळ, मेण व पाणी हे घटक असतात. मॉर्फीन तीव्र वेदना शमविते, कोडीन व नॉस्कॅपीन खोकला दाबतात, तर पापाव्हरीन अनैच्छिक स्नायू शिथिल करते.

मॉर्फिनामुळे मात्रा नेमकी झाली, पण धोका टळला नाही. मॉर्फिनापासून १८७४ मध्ये बनविलेले हेरॉइन १८९८ मध्ये खोकल्यावरील औषध म्हणून विक्रीस आले व अधिकच व्यसनकारी ठरले. मेंदूतील अफूग्राही स्थाने १९७३ मध्ये सिद्ध झाल्यावर याचा उलगडा झाला : ज्या ग्राहींमुळे वेदना शमते, त्यांच्यामुळेच श्वसन मंदावते व व्यसन जडते. अतिमात्रेवरील नालोक्झोन हा उतारा थेबाइनापासूनच तयार करता येतो, हे विशेष होय.

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांत परवान्याने अफूची लागवड होते. नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. गैरवापर रोखण्यासाठी केलेल्या १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे रुग्णालयांतील मॉर्फिनाचा वापर घटला. परिणामी अफू पिकविणाऱ्या देशातच कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना असह्य वेदना सोसाव्या लागल्या. २०१४ च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सुलभ केली. अफूचे नियंत्रण जितके आवश्यक, तितकीच गरजू रुग्णांसाठी तिची उपलब्धताही आवश्यक आहे.