होंगशाओ रोऊ

डुकराच्या पोटाकडचे मांस कातडीसकट सोया सॉस, मद्य व साखरेत मंद आचेवर शिजवून केला जाणारा चिनी घरगुती पदार्थ. हूनान व शांघाय येथील प्रकार विशेष प्रसिद्ध असून शांघायचा अधिक गोड असतो. सुंग काळातील कवी सू शी (१०३७–११०१) याने ह्वांगजौ येथील हद्दपारीत डुकराच्या मांसावर कविता रचली. थोडे पाणी आणि मंद आच हा तिच्यातला सल्ला आजही चोख लागू पडतो. हांगजौचा दोंगपो रोऊ हा जवळचा प्रकार त्याच्याच उपनावाने ओळखला जातो.

चरबी व मांसाचे थर स्पष्ट दिसतील असे सुमारे ३ सेंमी.चे तुकडे थंड पाण्यात घालून उकळी आणतात आणि वर आलेला फेस काढून निथळतात. खरी कसोटी साखरेची. थोड्या तेलात खडीसाखर वितळवून तिला मधासारखा रंग येताच मांस टाकून परततात. क्षणभर उशीर झाला, तर उतरलेला कडवटपणा पुढे कशानेच जात नाही. मग आले, पातीचा कांदा, चक्रीफूल, दालचिनी, शाओशिंगचे तांदळाचे मद्य, सोया सॉस व गरम पाणी घालून झाकण ठेवतात. तास-दीड तासात कातडीतील कोलॅजेनाचे जिलेटिन होते. घाई केल्यास ती चिवट राहते. शेवटी आच वाढवून रस आटवतात व तो तुकड्यांवर चकाकू लागताच उतरवतात. सोबत साधा भात असतो. काही घरांत रसात सोललेली उकडलेली अंडीही सोडतात.