जुम्म्याचे चार आणे

पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी चलनातून बाद झाले. दुकानदारांनी ते घेणे त्याच्या कितीतरी आधी सोडले होते, त्यामुळे कुणाला फारसे वाईट वाटले नाही. मालेगावच्या आमच्या पिढीला मात्र ते नाणे आठवते ते एका वाराशी जोडून. ते जुम्म्याला मिळत असे. इतर दिवशी हात पुढे केला तर अब्बांचे उत्तर ठरलेले, "जुम्मा येऊ दे."

जुम्माच का, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला हवे. मालेगाव हे मागांचे गाव. १८५७ च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातली विणकर कुटुंबे आग्रा रोडने खाली आली आणि मोसम नदीच्या काठाला वसली. त्यांच्या हातमागांवर रंगीत लुगडी विणली जात. पुढे विसाव्या शतकात वीज आली आणि हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. विणणारा मोमीन, बहुतेक मालकही मोमीन. म्हणून गावाची सुट्टी रविवारी न पडता शुक्रवारी पडली. सहा दिवस लूमची खटखट कानात इतकी मुरलेली असे की जुम्म्याच्या सकाळी आम्हाला शांततेनेच जाग येई. आठवड्याची मजुरी हाती आलेली असे. वडीलधारे नहाणे, धुतलेले कपडे, नमाज यांत असत आणि आम्ही नाणे मुठीत धरून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाकडे पळत असू.

दुकान म्हणजे एका घराची पुढची खिडकी. फळीवर काचेच्या बरण्या. त्या बरण्यांतल्या गोळ्या आमच्याच तालुक्यात तयार होतात हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली रावळगावला साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या-टॉफी होऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक ही नावे पुढे साऱ्या देशाला पाठ झाली. पान पसंद चघळून जीभ बाहेर काढायची आणि खरे पान खाल्ल्यासारखे थोरल्या माणसाच्या तोऱ्यात बोलायचे, हा आमचा एक खेळच होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये रिलायन्सच्या कंपनीने ही सारी नावे आणि गोळ्यांच्या कृती २७ कोटी रुपयांना घेतल्याचे वाचले. त्यात आमचे किती चार आणे असतील याचा हिशेब घरात हसत हसत झाला.

गोळी तोंडात विरघळून जाई. खेळणी मात्र विकत घ्यायची नसत, ती कारखान्यात पडलेली असत. आमच्याकडे कारखाना म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची खोली आणि तिच्यातले चार-सहा लूम. धोटा फुटला की तो आमचा. होडीच्या आकाराचे ते लाकूड, मधे पोकळी. त्या पोकळीत रिकाम्या कांड्या भरायच्या, पुढे दोरी बांधायची आणि मुंबईला माल निघाला म्हणून ओरडत गल्लीभर ओढायचा. वाटेतला नाला म्हणजे कसारा घाट. सुताचे कागदी कोन रिकामे झाले की त्यांचे टोक कापून भोंगा करायचा. त्यातून एखादा अजान देई, दुसरा सिनेमाची जाहिरात करी, आणि दोघेही मार खात. तुटक्या सुताचे चार पदर वळून, सरस आणि काचेची पूड लावून मांजा होई. लट्टू आणि गोट्या तेवढ्या बाजारातून येत. मोसमच्या पलीकडे कॅम्पाकडची मुले लट्टूला भोवरा म्हणत. जाळी लावून तो हातावर उचलण्याची करामत मात्र दोन्हीकडे एकच होती.

इथवर लिहून आम्ही थांबलो होतो. लेख गोड झाला होता, आणि थोडा खोटाही.

कांडी हे आमचे खेळणे होते तसे ते आमचे कामही होते. कोनावरचे सूत कांडीवर भरायचे, ती कांडी धोट्यात बसवायची, मग धोटा ताण्यातून धावतो. हे भरण्याचे काम घरातल्या बायका आणि मुलांचे. शाळेतून आले की दप्तर खुंटीला आणि हात कांडीला. १९८६ च्या बालकामगार कायद्याने घरच्या माणसांनी चालवलेल्या कामाला सूट दिली होती, त्यामुळे या कामाची नोंद कुठेच झाली नाही. आमची आपा आमच्या दुप्पट कांड्या भरत असे. जुम्म्याला तिलाही चार आणेच मिळत, आणि ते खर्चायला ती दुकानावर जाऊ शकत नसे. आठवी इयत्तेनंतर तिचे बाहेर जाणे थांबले होते. ती नाणे आमच्या हाती देई. आम्ही तिच्या वाट्याच्या दोन गोळ्यांतली एक वाटेतच खाऊन टाकत असू आणि दुकानदाराने एकच दिली असे सांगत असू. तिला ते कळत होते, असे तिने परवा सांगितले.

थोडे मोठे झाल्यावर जुम्म्याचा ओघ व्हिडिओ पार्लरकडे वळला. अंधारी खोली, एक टीव्ही, एक व्हीसीआर, आणि दाटीवाटीने बसलेले लूम कामगार. पोरांना दारातून हाकलत, पण गर्दीत घुसता येई. तिथेही आपा नव्हती, कुणाचीच आपा नव्हती. असेच एक पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटनचे मूकपट या गावाला दाखवले, आणि पुढे गावातल्याच माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. त्यात डाकूंना घोडे नव्हते, सायकली होत्या. बाहेरच्यांना तो विनोद वाटला. आम्हाला त्यात नवल वाटले नाही; फुटक्या धोट्याचा ट्रक करणाऱ्या गावात सायकलचा घोडा होणारच. २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात सुपरमॅन झालेला शफीक हाही लूमवरचाच कामगार होता. तोंडाच्या कर्करोगाने तो तरुणपणीच गेला.

८ सप्टेंबर २००६. जुम्मा होता आणि शबे-बरातही. त्या दिवशी मुलांना जरा जास्त पैसे मिळत, आणि ती वडिलांचे बोट धरून कब्रस्तानाकडे जात. नमाजेनंतर हमीदिया मशीद आणि बडा कब्रस्तानचा परिसर, मुशावरत चौक इथे स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे गेली. त्यांत मुलेही होती. पकडलेल्या मुस्लिम आरोपींना न्यायालयाने २०१६ साली दोषमुक्त केले, पण तो दुसऱ्या लेखाचा विषय आहे. आम्हाला इथे एवढेच सांगायचे आहे की त्यानंतर कितीतरी दिवस गल्लीत जुम्म्याचे पैसे मुलांच्या हातावर पडले नाहीत. आया स्वतः दुकानावर जाऊन खाऊ आणत आणि मुले उंबऱ्याच्या आत बसून खात. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. धाकट्या भावंडांच्या वाट्याला आमच्यासारखा जुम्मा आला नाही.

आता आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. २०२५ च्या फेब्रुवारीत 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' चित्रपटगृहांत आला तेव्हा मुलांना आपल्या गावाचा फार अभिमान वाटला होता. त्यानंतर एकदा पाचवीच्या वर्गाला आम्ही घरातले एक खेळणे घेऊन यायला सांगितले, त्यावर दहा वाक्ये लिहून घ्यायची होती. बहुतेकांनी प्लास्टिकच्या गाड्या आणल्या, दोघांनी सांगितले की आमचे खेळणे मोबाईल आहे पण अम्मी देत नाही. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने खिशातून कांडी काढली. आम्हाला फार आनंद झाला. उचलून वर्गाला दाखवली, धोट्याच्या ट्रकची गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि मग हाताला जाणवले की ती रिकामी नाही. नीट, घट्ट, टोकापर्यंत सूत भरलेले होते. कुणी भरली, असे विचारले.

"मी भरली, सर," तो म्हणाला. "संध्याकाळी परत न्यायची आहे. मोजून ठेवतात."