परळकरांचा बर्फ

आम्हा परळकरांचा बर्फ म्हणजे भुशात ठेवलेली लादी, नाहीतर उन्हाळ्यातला गोळा. बर्फावर घसरायचंही असतं, हे सिनेमानं दाखवलं. खरं तर इंग्रजांनी १९२७ सालीच गुलमर्गला स्की क्लब काढला होता. आपल्याला मात्र गुलमर्ग ठाऊक ते गाण्यांमुळे.

१९९० च्या सुमारास काश्मीर पेटलं, तिथली शूटिंगं थांबली आणि कॅमेरे स्वित्झर्लंडकडे वळले. १९९५ ला 'दिलवाले दुल्हनिया' आला, मागोमाग आपल्या सहलीही निघाल्या. टिटलिसवर गोरी मंडळी स्कीवरून सुसाट जातात. आपण शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी फोटो काढतो, एकमेकांवर बर्फ उडवतो.

लोक याला हसतात. मला नाही हसू येत. ज्या पिढीला काश्मीर बंद झालं, तिनं तोच बर्फ इतक्या लांब जाऊन अंगावर घेतला, एवढंच.