राखायचे काय, टाकायचे काय

टीव्हीवरचा कार्यक्रम टिपून ठेवायचा आणि सवडीने पाहायचा, या सोयीचा उगम शोधत आपण अमेरिकेत पोचतो. तिथल्या दोन किनाऱ्यांच्या घड्याळांत तीन तासांचे अंतर. न्यूयॉर्कचा कार्यक्रम पश्चिमेला सोयीच्या वेळी दाखवण्यासाठी १९४०च्या दशकाअखेरीस पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावीत. ही ‘किनेस्कोप’ प्रत धूसर निघे. १४ एप्रिल १९५६ रोजी अँपेक्स कंपनीने शिकागोत चार्ल्स गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांचे यंत्र मांडले. चार हेड बसवलेली त्याची चकती मिनिटाला १४,४०० फेरे घेत दोन इंची टेपवर चित्र उमटवी. ३० नोव्हेंबरला सीबीएस वाहिनीने टेपवरून बातम्या पश्चिम किनाऱ्याला दाखवल्या. टेप घरात रुळली ती १९७५च्या बीटामॅक्स आणि १९७६च्या व्हीएचएसमुळे. घरी सवडीने पाहण्यासाठी केलेले मुद्रण अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवले.

तोवर दुसरीकडे एक वेगळीच वाट तयार होत होती. चित्र आकड्यांत मांडले, तर साध्या प्रतीलाही सेकंदाला सोळा कोटींहून अधिक बिट लागतात. मूळ बंगळुरूचे नासिर अहमद यांनी १९७२ साली त्यावर गणिती उपाय सुचवला, पण अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने त्यासाठी निधी नाकारला. तरीही जानेवारी १९७४मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’ प्रसिद्ध झाला. चित्रातले डोळ्यांना फारसे न जाणवणारे तपशील त्यामुळे वेगळे काढता येऊ लागले, म्हणजेच काय टाकले तर चालेल हे कळू लागले. १९९०च्या दशकात आलेले चित्र-संकोचनाचे मानक एमपेग-२ याच पायावर उभे राहिले आणि डिजिटल प्रसारणाने तेच स्वीकारले.

१९९९चा टिवो हा घरगुती रेकॉर्डर अ‍ॅनालॉग चित्राचे स्वतः एमपेग-२ करून हार्ड डिस्कवर साठवी. डिजिटल ट्यूनर आल्यावर तेही काम उरले नाही; हवेतून येणारी १८८ बाइटांची पाकिटे जशीच्या तशी फाइलीत उतरू लागली. ताशी दोन-अडीच गिगाबाइटांचा हा ऐवज आटोपशीर करण्याची गरज भागवली २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेल्या एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने आणि २००३च्या एच.२६४ या संकोचन-मानकाने. मात्र हे रूपांतर म्हणजे दुसऱ्यांदा टाकणे. प्रक्षेपकाने आधीच गाळलेले काही त्यातून परत येत नाही. म्हणून डिस्क स्वस्त झाल्यावर अनेकांनी मूळ फाइल राखून, प्लेअर मागेल तेव्हा आणि त्याला पेलेल तेवढेच रूपांतर (ट्रान्सकोडिंग) सर्व्हरकडून करून घेण्याचा मार्ग धरला. पाहण्याची वेळ पुढे ढकलता ढकलता, काय टाकायचे हा निर्णयही आता आपण पुढे ढकलू शकतो.