डब्यावरची नऊ नावं

गेल्या महिन्यात जिममधल्या एकाच्या सांगण्यावरून मी ईएएची पावडर घेतली. मेसचे जवळपास सगळे पैसे त्यात गेले. डब्यावर नऊ अमिनो आम्लांची नावं होती. ही यादी ठरवली कोणी, ते शोधत शोधत मी पोचलो थेट १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत.

इलिनॉय विद्यापीठात विल्यम रोझ नावाचे बायोकेमिस्ट होते. त्यांनी उंदरांना प्रोटीनऐवजी तेव्हा माहीत असलेली अमिनो आम्लं शुद्ध रूपात खाऊ घातली. तरी उंदीर रोडावत गेले. दुधातलं प्रोटीन थोडं दिलं, की वाढायचे. म्हणजे यादीत एक नाव कमी होतं. १९३५ मध्ये ते सापडलं : थ्रिओनिन.

पण माणसाचं काय? १९४२ पासून रोझ यांनी चक्क आपल्या विद्यार्थ्यांनाच जेवायला बसवलं. ताटात काय, तर मक्याचा स्टार्च, साखर, लोण्यातली चरबी, मक्याचं तेल, क्षार, जीवनसत्त्वं आणि अमिनो आम्लांचं मिश्रण. वर यकृताच्या अर्काची, पेपरमिंट घातलेली मोठी तपकिरी गोळी. (त्यापुढे माझी पावडर म्हणजे अमृतच!) मग एकेक आम्ल काढायचं आणि लघवी-शौचातून नायट्रोजन किती जातो ते मोजायचं. पोटात गेला त्याहून जास्त बाहेर पडला, तर शरीर स्वतःचंच प्रोटीन मोडतंय. आठांपैकी कुठलंही एक काढलं की हेच व्हायचं. पोरं थकायची, चिडायची, जेवण नको म्हणायची. ते परत दिलं की थोड्याच दिवसांत ठणठणीत.

स्नायूचं प्रोटीन ही ठरलेल्या क्रमाने ओवलेली माळ आहे. एक मणी संपला, की बाकीचे ढीगभर असले तरी ओवणं थांबतं.

नववं नाव, हिस्टिडिन, नंतर आलं. त्याचा साठा शरीरात असतो, त्यामुळे थोड्या दिवसांच्या प्रयोगात उणीव दिसली नाही.

आणखी एक गोष्ट बघा. रोझ मोजत होते ते शरीर झिजू नये म्हणून किती लागतं ते; दंड फुगवायला किती, हे नाही. लायसिनचा त्यांचा किमान आकडा दिवसाला ०.८ ग्रॅम. आज किलोमागे ३० मिलिग्रॅम धरतात, म्हणजे माझ्यासारख्या ६५ किलोवाल्याला साधारण दोन ग्रॅम. भातात लायसिन कमी, पण १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत दीड ग्रॅमच्या आसपास. डाळीत मिथिओनिन कमी, ते भातातून येतं.

डबा अजून अर्धा शिल्लक आहे, तो संपवेन. पण मेसवाल्या काकूंना आजपासून वरणाची दुसरी वाटी सांगितलीय.