टारबॉलमधून ‘कॉन्फिगर’ काढल्याने धोका टळत नाही

एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनात चोरवाट घुसवल्याचं प्रकरण उघडं पडल्यापासून मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एक मत पक्कं बसलं आहे. टारबॉलमध्ये, म्हणजे सोर्सच्या प्रकाशित गठ्ठ्यात, ‘कॉन्फिगर’सारख्या यंत्राने तयार केलेल्या फाइली ठेवूच नयेत, ज्याने त्याने त्या मूळ सोर्सवरून नव्याने तयार कराव्यात, म्हणजे घातपाताला जागा उरणार नाही. भुसावळमध्ये लिनक्स शिकणाऱ्या मुलांनीही हे मत तपासल्याशिवाय स्वीकारू नये, असं मला वाटतं.

पूर्वपक्षात तथ्य आहे. ‘कॉन्फिगर’ ही हजारो ओळींची शेल स्क्रिप्ट, ती कोणी वाचत नाही. फेब्रुवारी-मार्च 2024 मध्ये आलेल्या एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये ‘बिल्ड-टू-होस्ट.एम4’ ही बदललेली फाइल होती. गिटमध्ये ती नव्हतीच. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढत आंद्रेस फ्रॉइंड यांनी 29 मार्चला सगळं उघडकीला आणलं.

पण यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. ती एम4 फाइल ‘कॉन्फिगर’ बनवणाऱ्या ऑटोकॉन्फचं उत्पादन नव्हे, त्याचा कच्चा माल होती. डेबियन कित्येक वर्षांपासून पॅकेज बांधताना ‘कॉन्फिगर’ नव्याने तयार करतं. तरी घातक आवृत्ती डेबियनच्या अनस्टेबल शाखेत पोहोचलीच, कारण नव्या ‘कॉन्फिगर’मध्येही तीच एम4 फाइल मिसळली गेली. उरलेला घातक कोड तर चाचणीच्या फाइलींच्या रूपात थेट गिटमध्येच बसला होता!

टारबॉलवरची सहीही अस्सल होती. सही करणारं जिया टॅन हे नाव प्रकल्पाच्या अधिकृत मेंटेनरचंच होतं. भुसावळच्या यार्डात मालडब्याचं सील शाबूत दिसलं, तर वाटेत डबा उघडला गेला नाही एवढंच कळतं. आत काय भरलं, हे भरतानाच्या नोंदीशी ताडूनच कळतं.

म्हणून तयार फाइली राहू द्याव्यात. ‘कॉन्फिगर’ चालवायला साधं शेल पुरतं, ते बनवायला मात्र ऑटोकॉन्फ, एम4 आणि पर्ल लागतं. ऑटोकॉन्फची 2.69 आवृत्ती 2012 ची, त्यानंतरची 2.70 थेट डिसेंबर 2020 ची, म्हणजे जुन्या मशीनवर हवी ती आवृत्ती असेलच असं नाही. जुन्या मशीनवर, तुटक्या नेटवर काम करणाऱ्याला ‘आधी साधनं जुळव’ म्हणणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवणं आहे.

बदलायचं ते टारबॉल बनवण्याचं ठिकाण. तो मेंटेनरच्या खासगी लॅपटॉपवर बनू नये. गिटच्या टॅगवरून, साधनांच्या आवृत्त्या नोंदवून, फाइलींचा क्रम आणि वेळा ठरवून तो उघडपणे बनावा. तीच कृती दुसऱ्याने केली तर बाइटन्‌बाइट तसाच निघावा. गेटटेक्स्टसारख्या प्रकल्पांतून घेतलेल्या एम4 फाइली त्यांच्या मूळ प्रतींशी ताडल्या जाव्यात. हे तपासायला मोठा सर्व्हर लागत नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवरही टॅग उतरवता येतो, टारबॉल बनवता येतो, डिफ काढता येतो आणि खुलासा न होणारी एक ओळ जरी वेगळी निघाली, तरी ती प्रकल्पाला कळवता येते.